सूत जाळून पाहणं

रॉटरडॅमला मी टेबलावरून उठून पळाले होते,
डोक्यावरची निळी टोपी तशीच,
पायांत कागदी चपला.
ट्रामच्या थांब्यावर एक म्हातारा हळूच काहीतरी म्हणाला,
बहुतेक, टोपी राहिलीय.

आठ वर्षांत त्यांची भाषा मला आली होती
भाड्यापुरती, पावापुरती,
उशीर झाल्याची माफी मागण्यापुरती.
डॉक्टर शांतपणे विचारत होता, नेमकं काय होतंय,
आणि मला एवढंच जमलं:
आज नको. आज हवा बरी नाही.

म्हणून हा उलटा प्रवास.
लोक म्हणे डोळ्यांसाठी परदेशी जातात,
आणि आमची वरलक्ष्मी तिकडून सात रस्त्याला येते,
असं आई अख्ख्या बोळाला सांगून आली,
एकदा तेलुगूत, एकदा मराठीत,
आणि समोरच्या हत्तुरेबाईंना कानडीत,
म्हणजे नुसतं "कण्णु" म्हणाली आणि बोट दाखवलं.
डोळ्याला दोन्हीकडे शब्द एकच, तेवढ्यावर भागलं.

उणे साडेसात.
चष्मा काढला की अशोक चौक पातळ होतो,
रिक्षा म्हणजे पिवळा डाग,
माणसं आवाजावरून ओळखायची.
या धुक्यात मी शाळा केली, नोकरी केली,
एक लग्न जवळजवळ केलं.
आता ते जाणार म्हटल्यावर
रात्री दोन वाजता उठून चष्मा पुसत बसले.
पंखा गरम हवा ढकलत होता.
बाहेर एकच माग चालू होता कुणाचा तरी,
खटक, खटक, मध्येच थांबे,
धागा तुटला असणार.

सकाळी शाहीन सिस्टर म्हणाली, वर बघा ताई.
मग वाकून, एकदम एकेरीत,
"रडलालीस का काय?"
मी म्हटलं, थेंब आहेत.
"थेंब मी अजून घातलेच नाहीत की."

पापण्या चिमट्यात.
माझ्या डोळ्याला पहिल्यांदाच मिटण्याची मुभा नव्हती.
मला वाटलं होतं, आपल्या गावात भीती लहान होते.
नाही होत. मापाला तेवढीच भरते.
फक्त इथे ती मला नावानं हाक मारते,
येमुलांची धाकटी ना तू, म्हणते, चल, सरक जरा.

कडं दाबलं गेलं.
बिराजदार डॉक्टर म्हणाले, आता दिसणं जाईल,
घाबरायचं नाही, मी मोजतो.
आणि गेलं.
काळोख नव्हे, काळोख दिसतो तरी.
हे म्हणजे पाटीच काढून घेतल्यासारखं.
सात, आठ.
मी पलंगाची कड धरली,
कुठल्या भाषेत धरली, माहीत नाही.

मग हिरवा ठिपका परत आला,
फुटलेला, पाण्यात पडल्यासारखा.
हलू नका, हलू नका,
आणि वास आला.
जळाल्या केसाचा.

नायना सुताच्या दुकानात कोनाचा एक धागा तोडायचे,
काडी ओढायचे, मला म्हणायचे,
डोळे मिट, मग सांग.
कागदासारखा वास आला तर सूत.
टोक वितळून टणक गोळी झाली तर भेसळ, कोन परत.
आणि कधीतरी, वर्षात एकदा,
केसासारखा:
लोकर आहे पोरी, अस्सल, हात धुऊन ये.
दुकानदार हसायचा, एवढीशी पोर काय पारखणार.
मी पारखायचे. जाड भिंगांची पोर,
नाकानं कमवायची गोळीबिस्किटं.

एवढं आठवेपर्यंत
उजवा डोळा झाला होता.
डावा कसा झाला, सांगता येणार नाही.

रिक्षात काळा चष्मा, मांडीवर फाईल,
आई खड्डा आला की माझं डोकं धरायची,
जणू आत काहीतरी ओलं वाळत घातलंय.
दर चार तासांनी थेंब.
रात्रीच्या थेंबाला तिनं विचारलं,
फार भ्यालीस का?
मी म्हटलं, केसाचा वास आला.
ती थांबली जरा.
मग लोकर असणार, म्हणाली,
आणि बाटली हलवू लागली.